नंदादीपाचं तेल आणि बत्तीस बोअर

दिन्या, गेले बारा दिवस पहाटे डोळा उघडायच्या जरा आधी तू दिसतोस. पाठमोरा. हडसरच्या पायवाटेवर, गुडघाभर पिवळ्या सोनकीतून, नेहमीसारखा माझ्या वीस पावलं पुढे. धुकं असं, की तुझे पाय दिसतच नाहीत. नुसती टोपी आणि पाठीवरची पिशवी तरंगत जाते. मी हाक मारत नाही. मारली तर तू वळशील, आणि वळलास तर मला बोलावं लागेल. मग दूधवाल्याची मोटारसायकल वाजते, वारूळवाडीची कुत्री तिच्यामागे भुंकत धावतात, आणि मी अंथरुणात बसून राहतो.

तुझ्या मंचरच्या दुकानाबद्दल, तारा गुंडाळून दुरुस्त केलेल्या हजारो मोटारींबद्दल, रात्रीअपरात्री शेतकऱ्याच्या हाकेला धावून जाण्याबद्दल लोक दहाव्याला बोलले. चांगलं बोलले. ते सगळं मी पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी ते भांडण पुरं करायचंय, जे तू एका शब्दावर सोडून दिलंस. तुझ्या त्या बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरचं.

आपण दोघं रविवारचे भटके. मी नारायणगावच्या शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर आणि तू अवसरीचा मिस्त्री. तुझी-माझी ओळख शाळेच्या पाण्याच्या मोटारीवरून झाली. तू मोटार खोलता खोलता मला विचारलंस, "मास्तर, ते चावंडला जायचं म्हंजे कुठून जायाचं?" आणि पुढच्या रविवारी आपण चावंडवर होतो. त्यानंतर दहा-बारा वर्षं रविवार चुकला नाही. नाणेघाटाच्या कड्यावर पाय सोडून बसल्यावर तू तासभर गप्प बसायचास. खालून कोकणातले ढग वर चढून यायचे, आपल्या पायांवरून, मांड्यांवरून जायचे, आणि तू हात पुढे करून त्यांना वाट द्यायचास. एकदा म्हणालास, "मास्तर, आपुन हितं बसलोय का हितनं गेलोय, काय कळंना." मी हसलो होतो. हल्ली ते वाक्य सारखं आठवतं.

मग ती विहीर आली. नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. कालव्याचं पाणी आलं तसा जिकडेतिकडे ऊस झाला आणि उसात बिबटे राहायला आले. अवसरीच्या खालच्या अंगाला कुणाची तरी मोटार बंद पडली म्हणून तू विहिरीत उतरलास. निम्म्या पायऱ्या उतरल्यावर तुला मोटारीच्या कठड्यावर ओलाचिंब बिबट्या बसलेला दिसला. तो तुझ्याकडे बघत होता. "पायऱ्या बावीस व्हत्या, मी तिनात वर आलो," असं तू पुढे रंगवून सांगायचास. वनखात्याच्या लोकांनी दोराने बाज सोडून त्याला वर काढला. बाहेर येताच तो उसात पळाला. पण त्या दिवसापासून तू चालताना दर पाच पावलांनी मागे बघायला लागलास. नाणेघाटावरसुद्धा तू कड्याकडे पाठ करून बसू लागलास.

म्हणून तू लायसनसाठी अर्ज केलास. चौकशा झाल्या, सह्या झाल्या, दीड वर्षं गेलं. मी तुला मनसोक्त छळलं. म्हटलं, "दिन्या, तुला पंप दिसला की खोलता येतो, बिबट्या दिसला तर काय खोलणार?" तू म्हणायचास, "तुमी काठी घ्या, मास्तर. माझं मी बघतो."

जुन्नरला उस्मानचाचांच्या दुकानात आपण ते घ्यायला गेलो तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. चाचांच्या घरात तीन पिढ्या हत्यारांची विक्री आणि दुरुस्ती. दुकानात तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास. भिंतीवर मक्केचं कॅलेंडर. चाचांनी तुला बसवलं, चहा मागवला आणि आधी विचारलं, "कशापायी पायजे?" तू म्हणालास, डोंगरात चालायला, बिबट्याची भीती वाटते.

चाचा हसले नाहीत. त्यांनी काचेवर कापड पसरलं आणि दोन हत्यारं ठेवली. एक बावीस बोअर, लहान, हलकं. दुसरं बत्तीस. तू बावीस उचललंस, हाताला बरं वाटलं म्हणून. चाचांनी ते तुझ्या हातातून काढून घेतलं.

"हे निशान टिपायला, मारायला न्हाई. यानं बिबट्याच्या कातड्याला गुदगुल्या व्हतील."

"मग बत्तीस?"

"बत्तीसनं बी लगेच मरत न्हाई. चिडतो. आन् जखमी बिबट्या पाच गावाला भारी पडतो. तुमी निघून जाता, तो मागं राहतो." मग त्यांनी काडतुसांचे दोन डबे काढले. एकातलं विलायती, मऊ टोकाचं, आत गेल्यावर पसरणारं, पण किती वर्षं कपाटात पडून होतं ते त्यांनाही सांगता येईना. दुसऱ्यातलं देशी, नवं, साध्या शिशाचं. "मारायला विलायती भारी. पर हत्याराची पयली अट काय? चाप वडला की वाजलं पायजे. म्हनून देशी घ्या. डोंगरात गोळीपरीस आवाजच कामाला येतो. हवेत एक वाजवा, तो पळतो." आणि माझ्या काठीकडे बोट दाखवून म्हणाले, "खरं म्हंजे या काठीला दोन घुंगरं बांधा, फुकटात काम व्हईल."

मी तुझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. तू बत्तीस घेतलंस आणि देशी काडतुसं घेतलीस. मी दुसऱ्याच दिवशी काठीला घुंगरं बांधली.

पुढची दोन-तीन वर्षं माझी चंगळ होती. भीमाशंकरकडच्या अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, तर तिकडे जाताना ते घरी. निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा. आज ग्रामपंचायत, उद्या विधानसभा, परवा लोकसभा. मी मंचरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणायचो, "दिनकरचं रिव्हॉल्व्हर दिनकरपेक्षा जास्त दिवस पोलिसांकडं राहतं, जावयासारखं." तू सगळ्यात मोठ्यानं हसायचास.

आता त्या दसऱ्याचं. तूही माझ्यासमोर कधी ते पुन्हा काढलं नाहीस, आणि मी तर कधीच नाही.

तुमच्या घरी नवरात्रात घट बसायचे. मातीत पेरलेलं धान्य, नऊ दिवस तेवणारा नंदादीप, आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा. तुझ्या वडिलांच्या वेळी विळा, कोयता, नांगराचा फाळ आणि एक जुनी गंजकी तलवार असायची. त्या वर्षी तुझ्या आईने, म्हणजे मावशींनी, रिव्हॉल्व्हरसुद्धा मागितलं. तू म्हणालास, पूजेला एक दिवस देतो. मावशी म्हणाल्या, "घरात आलेलं हत्यार हाय, नऊ दिस देवापुढं राहू दे." तू नुसतं हत्यार दिलंस. मावशींना ते अर्धवट वाटलं. त्यांनी कपाटातून काडतुसं काढली, तांब्याच्या ताम्हणात मांडली आणि ती नंदादीपाखाली ठेवली. नऊ दिवस रोज तेल घालताना दिवा ओसंडला, ताम्हणात तेल साचलं. दसऱ्याला त्यांनी प्रत्येक काडतुसाला हळदकुंकू लावलं, पदराने पुसलं आणि परत डब्यात भरलं. तुला काही सांगितलं नाही. देवाचं तेल लागलं यात सांगण्यासारखं काय होतं?

एकादशीच्या सकाळी आपण हडसरच्या पाठीमागच्या धारेवर होतो. आठवड्यापूर्वीच खाली एका गावात बिबट्यानं माणूस नेला होता, त्यामुळे तू रिव्हॉल्व्हर भरून कमरेला लावलं होतंस. धुकं होतं. सोनकीचा पिवळा रंग धुक्यात विरघळून सगळ्या डोंगराला लागला होता. माझी घुंगरं सोडली तर कशाचा आवाज नव्हता. मला वाटत होतं आपण चालत नाही, डोंगरच आपल्या खालून हळूहळू सरकतोय. पुढे कातळातली टप्प्याची चढण आली. तिथून वर वाट जाते का ते बघायला तू निघालास. दोन्ही हातांनी कातळ धरून चढायचं म्हणून कमरेचं काढून माझ्याकडे दिलंस. "जरा धरा मास्तर, आलोच."

मी काठी खाली ठेवली. ते हातात घेतलं. दिन्या, इतकी वर्षं टिंगल करणाऱ्या माणसाच्या हातात ते आल्यावर काय झालं सांगू? पायाखालची जमीन वेगळी वाटली. धुकं जवळ आल्यासारखं वाटलं. आतापर्यंत मला त्या डोंगरात एकदाही बिबट्या दिसला नव्हता, आणि आता तो सगळीकडे होता. कारवीच्या पलीकडे गवत हललं. काहीतरी बुटकं, पिवळसर, जमिनीसरसं वाकलेलं, पुढे सरकत होतं. मी ओरडलो नाही. हवेत वाजवायचं असतं, हे मला चाचांनी तुझ्यादेखत सांगितलं होतं. मी नेम धरला आणि चाप ओढला.

खट् झालं. गोळी सुटली नाही.

मग मी पुन्हा ओढला. पहिल्या वेळी भीती होती असं म्हणता येईल, दुसऱ्या वेळेला काय म्हणू? पुन्हा खट्. आणि ते पिवळसर उभं राहिलं. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक बाई, हातात विळा, काखेत कापलेलं गवत. ती माझ्याकडे बघत होती. मी तसाच हात लांब करून उभा होतो. मग तू मागून आलास, माझ्या हातातून ते काढून घेतलंस, आणि म्हणालास, "ताई, भिऊ नका, आमी वाटसरू हाय." ती गवताचा भारा डोक्यावर घेऊन धुक्यात उतरून गेली.

मी तुला म्हटलं, मी चाप ओढला नव्हता. आपोआप काहीतरी झालं. तू काडतुसांची चक्री उघडलीस. दोन काडतुसांच्या बुडाला रिव्हॉल्व्हरच्या घोड्याच्या टोकाचा ठसा उमटला होता. तू ती दोन बाजूला काढून खिशात टाकलीस, माझ्याकडे न बघता माझी काठी उचलून मला दिलीस, आणि म्हणालास, "बरं."

त्या तुझ्या "बरं"शी मी सात वर्षं भांडतोय. तू "खोटं बोलू नका" म्हणाला असतास तर मी तिथेच कोसळलो असतो आणि सुटलो असतो.

परतताना जुन्नरला आपण चाचांकडे थांबलो. त्यांनी काडतूस हातात घेतलं, नाकाला लावलं. "ह्याला गोडेतेलाचा वास कसा?" मग तुला देवघरातलं नंदादीपाखालचं ताम्हण आठवलं, त्यात काडतुसं दिसली होती ते सांगितलंस. चाचा म्हणाले, "घोडा आपटतो त्या बुडाच्या टोपीत तेल शिरलं की टोपी मरते, ठिणगी पडत न्हाई. तुमच्या आईनं सगळा डबा मारून टाकला." मग ते ठसे बघून त्यांचा चेहरा बदलला. "चाप कुनी वडला? कशावर?"

मी समोरच उभा होतो. मी कॅलेंडरवरची तारीख वाचत होतो.

"म्या," तू म्हणालास. "बाई व्हती, चाचा. बिबट्या वाटला."

तू रिव्हॉल्व्हर त्यांच्या टेबलावर ठेवलंस, लायसनचे काय सोपस्कार असतील ते करा म्हणालास, आणि पुन्हा कधी त्याला हात लावला नाहीस. घरी येताना स्कूटरवर मी तुझ्या पाठीला टेकून बसलो होतो आणि वाटत होतं, आता बोलू, पुढच्या वळणावर बोलू. वळणं संपली.

मला वाटलं, तुझं हत्यार दुसऱ्याच्या हातात देणं हाही गुन्हाच, म्हणून तू स्वतःवर घेतलंस. असं समजणं मला सोयीचं होतं. खरं हे, की मास्तरची नोकरी जाईल, पोरांसमोर मान खाली जाईल, हे तुला माझ्याआधी कळलं होतं.

आणि मी काय केलं? मी शहाणा झालो. बिबट्यांवर भाषणं द्यायला लागलो. शाळेत, ग्रामसभेत, वनखात्याच्या शिबिरात. हत्यार नको, काठी घ्या, बोलत चाला, उसात आणि गवतात वाकून काम करणाऱ्या माणसाला बिबट्या जनावर समजतो तसा माणूसही समजतो. सगळं खरं सांगितलं. हे मला कसं कळलं तेवढं मात्र सांगितलं नाही. उदाहरण लागलं की तुझं द्यायचो. "आमचे मित्र दिनकरराव, रिव्हॉल्व्हर घेतलं आणि घाबरून परत केलं." लोक हसायचे. तू सभेत असलास तर तूही हसायचास, आणि नंतर मला चहा पाजायचास. दिन्या, तुझ्यासारखा दोस्त मिळायला नशीब लागतं. ते माझ्याकडे होतं आणि मी ते असं वापरलं.

दहाव्याला नदीकाठी भाषणं झाली, तेव्हा मलाही उभं केलं. माझ्या हातात माईक आला. मी ठरवून आलो होतो, आज बोलायचं. आणि तोंड उघडल्यावर पुन्हा तोच जावयाचा विनोद बाहेर आला. रडणारी माणसं रडता रडता हसली. मी "माझा भित्रा दोस्त" असं म्हणालो, गहिवरलो, खाली बसलो. खोटं बोलूनही गहिवर खरा होता, याची मला स्वतःलाच शिसारी आली.

लोक उठायला लागले तेव्हा एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पिकलेले केस, कपाळावर गोंदण, ठसठशीत नऊवारी. डोंगराकडची. "मास्तर, वळखलं का?"

मी नाही म्हणालो. पण ओळखलं होतं.

"मी ठकूबाई. हडसरच्या मागल्या वाडीची. दिनकरभाऊंच्या घरनं वहिनींनी निरोप धाडला, जीपनं आले." मग ती तिथेच वाळूवर बसली, मला बसायला लावलं. "दर दसऱ्याला यायचे दिनकरभाऊ. पयल्यांदी आले तवा उंबऱ्यात बसून रडले. म्हनले, ताई, चाप म्या वडला, माफी करा. म्या हो म्हनलं. मानसाला एवढं बोलायचं व्हतं, बोलू दिलं. मग दर साली सोनं द्यायाला यायचे, पोरांची चौकशी करायचे, जेवून जायचे."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "त्या दिवशी धुकं फार होतं."

"व्हतं की," ठकूबाई म्हणाली. "पर इतकं न्हवतं, मास्तर."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला पेललं असतं. "तुमी कवा येताय म्हनून वाट बघितली मी. दोन-चार वरसं. मग सोडून दिली." गुडघ्यावर हात ठेवून ती उठली, आणि मी जेवलो का असं विचारून पंगतीकडे गेली.

काल मी तुझ्या घरी गेलो. सुनंदावहिनी ओसरीवर तुझे कपडे घडी करत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा विनोद केला असता. चाप मी ओढला. एकदा नाही, दोनदा. चाचांसमोर गप्प राहिलो. सात वर्षं गप्प राहिलो. वहिनींनी तुझा निळा सदरा घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

मग त्या बोलल्या. मला हे माहीत नव्हतं, दिन्या. त्या एकादशीला घरी आल्यावर तू मावशींच्या पायावर डोकं ठेवलंस आणि म्हणालास, आई, तुझ्या तेलानं एक जीव वाचवला. कुणाचा चाप, असं त्यांनी विचारलं तेव्हा तू चाचांना दिलं तेच उत्तर दिलंस. मावशी म्हणाल्या, ज्या हातानं बाईवर चाप वडला त्या हातानं माझ्या घटाला शिवायचं न्हाई. तू हो म्हणालास. त्या जाईपर्यंत, पाच नवरात्रं, तू देवघराच्या उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा राहायचास. घट वहिनी बसवायच्या. एका दसऱ्याला मी आपटा घेऊन आलो होतो, तुला तसा बाहेर उभा बघून म्हणालो होतो, "काय रे, नास्तिक झालास का?" आत मावशी ऐकत होत्या. तू माझ्या हातात सोनं दिलंस आणि हसलास.

"त्यास्नी लई लागलं व्हतं ते," वहिनी म्हणाल्या. "दोघास्नी बी. आई शेवटी हातरुणात व्हत्या तवा ह्यांनी पानी पाजायला हात पुढं केला, तर त्या हाताकडंच बघत राहिल्या. मग प्याल्या. पर आधी बघितलं."

मी म्हणालो, वहिनी, हे सगळं लिहितो, दिन्याच्या वर्षश्राद्धापर्यंत थांबत नाही, आत्ताच लिहितो आणि गावच्या साप्ताहिकात माझ्या नावानिशी छापायला देतो. सगळ्यांना कळू दे. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

सदरा त्यांनी घडीवर घडी करून बाजूला ठेवला.

"छापा," त्या म्हणाल्या. "पर आईंस्नी सांगायला पायजे व्हतं, भावजी." आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.